पाठीवरचं पिवळं कापड

ते कापड मीच शिवलं होतं. एका गिऱ्हाइकाच्या पडद्यातून उरलेला पिवळा तुकडा होता, रंगाला पक्का. चारी बाजूंनी दुमड घातली आणि कोपऱ्यांना आतून जाड पट्टी लावली, कारण पिना कोपऱ्यांत लागतात आणि वाऱ्यानं कापड तिथूनच फाटतं. मधोमध निळ्या दोऱ्यानं अक्षरं भरली, ‘दादासाठी’. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, सुटलेली पोटं झाकून द्यायची, हे माझं काम. भरतकाम मी घेत नाही, डोळ्यांना त्रास होतो. पण हे घरचं होतं.

दरवर्षी कॅन्सरवरच्या संशोधनासाठी एक सायकलफेरी निघते. डोंगरापलीकडून सुटते, घाट ओलांडते आणि बऱ्याच दिवसांनी आमच्या शहरात, संशोधन संस्थेच्या मैदानात येऊन संपते. ओळखीपाळखीची माणसं वर्गणी देतात, ती संस्थेला जाते. प्रत्येकाच्या पाठीवर एक कापड असतं, ज्याच्यासाठी तो सायकल चालवतोय त्याच्या नावाचं. माणूस हयात असेल तर पिवळं, गेलेला असेल तर पांढरं. मैदानात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधलेली असते. पोचल्यावर जो तो पाठीवरचं कापड काढून स्वतःच्या हातानं त्या दोरीला लावतो.

या वर्षी आमचा छोटू निघाला होता. छोटू म्हणजे माझा धाकटा दीर. पन्नाशीकडे झुकलाय, पोट पुढे आलंय, चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो. पण मी लग्न होऊन आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, त्यामुळे तो जन्मभर छोटूच राहणार. आणि दादा म्हणजे माझा नवरा. हे सगळ्यांचेच दादा. आयुष्यभर बस चालवली, तीही घाटातली, आणि आता खिडकीजवळच्या आरामखुर्चीत, मांडीवर पांघरूण घेऊन बसून असतात.

“मला काही मैदानावर यायला जमायचं नाही,” हे म्हणाले होते. “तू जा. माझं कापड दोरीला लागलं की फोटो काढून आण. पिवळ्यांमधे लागलेलं बघायचंय मला. पांढरं लागेल ते कोण मला दाखवायला येणार आहे?”

असल्या विनोदांवर मी भडकते, हे यांना पक्कं ठाऊक आहे.

“तोंड उघडलंच आहे तर गोळी घ्या,” मी म्हटलं.

गोळी घेतली आणि हसले. पण मला कळलं होतं. एवढ्या आजारात या माणसानं माझ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतःच उठून घ्यायला बघायचे. हा एक फोटो तेवढा मागितला.

आता छोटूचं सांगते, कारण त्याच्यावर माझा राग होता आणि तो काही उगाच नव्हता. हे दवाखान्यात असताना छोटू यायचा, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा, एक-दोन विनोद सांगायचा, घड्याळ बघायचा आणि निघायचा. कधी बसला नाही. डबा धुतला नाही, रात्री थांबला नाही, डॉक्टरांना एक प्रश्न विचारला नाही. ‘मला तिथला वास सहन होत नाही वहिनी’, म्हणे. मला काय तो वास अत्तरासारखा वाटत होता? आणि मग एके दिवशी आला तो घट्ट सायकलीचे कपडे घालून. दादासाठी सायकल चालवणार! दुकानात, शेजारीपाजारी, नातेवाइकांत वाहवा. भाऊ असावा तर असा. मी गप्प बसून त्याच्या शर्टाला पिवळं कापड लावून बघत होते आणि तोंडात धरलेल्या पिनांमुळे मला बोलता येत नव्हतं, हे त्याचं नशीब.

फेरी काढणाऱ्यांनी सगळ्यांच्या फोनवर एक सोय करून दिली होती. नकाशावर प्रत्येक सायकलवाल्याचा एक ठिपका दिसायचा, शेजारी त्याच्या कापडावरची अक्षरं. यांना तेवढंच पुरलं. सकाळी उठले की फोन हातात. “हा बघ, पूल ओलांडला. आता उजवीकडे विटांची भट्टी लागेल. आता चढ.” मी भाजी चिरतेय आणि हे आपले आरामखुर्चीतून बस चालवतायत. चेहऱ्यावर रंग आला होता, जेवणसुद्धा दोन घास जास्त जायचं. त्यासाठी मी छोटूला थोडं माफ करायच्या बेतात आले होते.

मग घाटाचा दिवस आला. सकाळी दुकानात निघताना मी यांच्या खांद्यावरून डोकावले. ठिपका घाटाच्या मध्यावर, तुटक्या कठड्याच्या वळणावर थांबलेला होता. “दम खातोय,” हे म्हणाले. दुपारी जेवायला परत आले तेव्हा ठिपका सरसर वर चढत होता. एकसारखा, न थांबता. मी लग्नानंतर कितीतरी वेळा यांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून तो घाट चढलेय. तिथे बससुद्धा कुरकुरत चढते.

“अहो, हे सायकलचं चालणं नव्हे,” मी म्हटलं.

“यंत्र आहे ते. डोंगरात रेंज जाते, मग ठिपका उडी मारतो.”

“उडी कुठाय? हा तर मजेत सरकतोय.”

“तू जेवून घे बघू,” असं म्हणून यांनी कान खाजवला. हे खोटं बोलताना कान खाजवतात. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा ‘मला गोड आवडत नाही’ म्हणाले होते आणि कान खाजवला होता, तेव्हापासून मी ओळखून आहे.

संध्याकाळी छोटूचा फोन आला. यांनी स्पीकर लावला.

“चढलास रे घाट?”

“चढलो दादा.”

“शाब्बास.”

 माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धाकट्यानं फेरीच्या मागून येणाऱ्या टेम्पोत बसून घाट चढायचा आणि थोरल्यानं, अंगात उभं राहायचं बळ नसताना, त्याच्यावर पांघरूण घालायचं! लहानपणापासून हेच चालत आलंय या घरात. छोटूनं काच फोडायची आणि दादानं मार खायचा. मी मनात म्हटलं, येऊ दे मैदानात.

शेवटच्या दिवशी यांना शेजारच्या काकूंच्या हवाली केलं, चांगली साडी नेसले, फोन पूर्ण चार्ज केला आणि गेले. मैदानात गर्दी होती. दोरी बांधलेली होती, तिच्यावर आधी पोचलेल्यांची कापडं फडफडत होती. पिवळ्यांत पांढरी, पांढऱ्यांत पिवळी. कुणाचं ‘आईसाठी’, कुणाचं नुसतंच एक टोपणनाव. एक उंच बाई हातात भोंगा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत करत होत्या. मी दोरीवर चांगली जागा हेरून ठेवली, मधोमध, उजेडाची.

छोटू आला. काळा पडला होता, ओठ फुटले होते, उतरल्यावर नीट चालताही येत नव्हतं. त्याच्या दुकानातली माणसं फुलं घेऊन आली होती, त्यांनी त्याला घेरलं. त्याचा मालक मोठ्या आवाजाचा माणूस. म्हणाला, “काय राव, घाट कसा होता ते सांगा! आम्ही रोज ठिपका बघत होतो. एका दमात चढलात ना?”

“नाही, म्हणजे... ठीक होता,” छोटू म्हणाला.

“अरे, लाजतोय बघा! एका दमात!”

तिथे मला गप्प बसता आलं असतं. कापड दोरीला लागेपर्यंत, फोटो निघेपर्यंत तरी. पण या माणसाला पुन्हा एकदा फुकटची वाहवा मिळतेय, हे काही माझ्यानं बघवेना.

“एका दमात कसला?” मी म्हटलं. “टेम्पोच्या दमात.”

लोक हसले. मला वाटतं छोटूसुद्धा हसला असता आणि ते तिथेच संपलं असतं. पण माझी जीभ एकदा सुटली की तिला ब्रेक नाही.

“आम्हीही ठिपका बघत होतो म्हटलं. पाठीवर दादाचं नाव लावून टेम्पोत बसताना लाज नाही वाटली तुला? ते तिकडे मरणाशी झुंजतायत आणि तुला एक घाट चढवेना?”

हसणं बंद झालं. मालक फुलांकडे बघायला लागला. भोंगेवाल्या बाई पुढे येऊन हलकेच म्हणाल्या, “अहो ताई, टेम्पो त्यासाठीच तर असतो. आमच्यातले कितीतरी जण बसतात. त्यात काही नाही.” पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

छोटू माझ्याकडे बघत होता. मला वाटलं होतं तो उलटून बोलेल, काहीतरी थाप मारेल.

“वाटली वहिनी,” तो म्हणाला. “खूप वाटली.”

मग त्यानं हात मागे नेऊन चाचपडत कापडाच्या पिना काढल्या. एक निघेना, तिच्याशी बराच वेळ झटत राहिला, कुणी मदतीला पुढे झालं नाही, मीही नाही. कापडाची घडी घातली आणि शर्टाच्या पाठीमागच्या खिशात सरकवली. पिना माझ्या तळहातावर ठेवल्या. “तुझ्या आहेत,” म्हणाला आणि सायकल धरून गर्दीतून निघून गेला.

मी दोरीजवळ थोडा वेळ उभी राहिले. हेरलेली जागा रिकामीच होती. खरं सांगायचं तर तेव्हा मला लाज वाटत नव्हती, नुसतीच चुटपुट होती. बोलले ते खरंच होतं की, असं मी स्वतःला सांगत होते. फोटोचं काय करायचं, एवढीच काळजी घेऊन घरी आले.

हे खिडकीतून वाटच बघत होते. काकू गेल्या. “दाखव,” म्हणाले.

“फोन बंद पडला,” मी म्हटलं. पूर्ण चार्ज केलेला फोन पर्समध्ये होता.

“हात्तिच्या. पण लागलं ना कापड?”

“लागलं.”

यांचा जीव भांड्यात पडला. खुर्चीत मागे टेकले आणि लहान मुलासारखे हसायला लागले. “आता सांगायला हरकत नाही तुला. पोचला एकदाचा. तुझं बरोबर होतं, घाटात तो टेम्पोत बसला होता. पण मीच बसवलं त्याला.”

मी तशीच उभी.

“त्या वळणावर ठिपका थांबला ना, तो हलेचना. तू गेलीस, मी बघत बसलो. हलेचना. माझं माझ्याच नावाकडे लक्ष. दादासाठी, दादासाठी, आणि मधेच थांबलेलं.  असं वाटलं, हे आता इथेच संपलं. मग त्याला फोन लावला. पायात गोळे आले होते त्याच्या, रडत होता रस्त्याच्या कडेला. दादा, मला थोडा वेळ दे, म्हणतो, मी चालत चढवतो. मी म्हटलं, गाडीत बस. तो ऐकेना. म्हणे तुझं नाव आहे पाठीवर, मी नाही बसणार. शेवटी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, माझ्याच्यानं थांबलेला ठिपका बघवत नाही रे, बस गाडीत. तेव्हा बसला.” यांनी पांघरूण सारखं केलं. “जन्मभर रस्त्यात अडकलेल्यांना गाडीत घेत आलो, भावाला नको घेऊ?”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला?” पुन्हा हसले. “अगं, तुझ्या तोंडाला तो किती घाबरतो! मीच त्याला बजावलं, वहिनीला अजिबात कळू देऊ नकोस, ती तुला चारचौघांत सोलून काढेल. तू काही बोलली नाहीस ना त्याला?”

“नाही,” मी म्हटलं.

माझ्या मुठीत अजून त्या पिना होत्या. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मैदानात जे बोलले ते शब्दन् शब्द कानात वाजत होतं. ते मरणाशी झुंजतायत, असं मी मोठ्यानं, परक्या माणसांपुढे म्हणाले होते, यांच्या मरणाचा दगड उचलून छोटूला मारला होता. आणि त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही की दादानंच बसवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी आजवर उगाच म्हणत आले होते.

दारावर बेल वाजली. छोटू होता, त्याच कपड्यांत. माझ्याकडे न बघता आत आला.

“आला माझा बहाद्दर!” हे म्हणाले. “हिच्या फोननं दगा दिला बघ. फोटोच नाही.”

छोटूनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभर. त्याला सगळं कळलं.

“हो ना,” तो म्हणाला. “वहिनीनं खूप प्रयत्न केला, फोन चालूच होईना. पण लावलं मी दादा. एकदम मधोमध. वहिनीनंच जागा धरून ठेवली होती.”

“ये इकडे.”

तो वाकला. यांनी दोन्ही हातांनी त्याला कवेत घेतलं आणि पाठ थोपटायला लागले. मी मागे उभी होते, मला सगळं दिसत होतं. खिशातून पिवळ्या कापडाचा कोपरा बाहेर आला होता, माझ्या जाड पट्टीचा कोपरा. यांचा हात थोपटत थोपटत खाली आला आणि त्यावर थांबला. बोटांनी कोपरा चाचपला. मग हात पुन्हा थोपटायला लागला.

“छान झालं,” हे म्हणाले. “छान लागलं असेल.” आणि छोटूला सोडून कान खाजवला.

 दोघं भाऊ जमिनीकडे बघत होते. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं, मला लाज वाटू नये म्हणून. ते माझ्यानं सहन झालं नाही.

“लागलं नाही कापड,” मी म्हटलं. “मी बोलले त्याला. सगळ्यांसमोर. त्याच्या मालकासमोर. तुम्ही म्हणालात तस्संच, सोलून काढलं. त्यानं तुमचं नावसुद्धा घेतलं नाही. फोनला काही झालेलं नाही. मी खोटं बोलले.”

  हे रागावले असते तर बरं झालं असतं. चेहऱ्यावरचं हसू तेवढं उतरत गेलं आणि आजारी माणूस दिसायला लागला.

“दोरी काढली असेल का रे?” शेवटी यांनी छोटूला विचारलं.

“चल,” मी छोटूला म्हटलं. त्याच्या खिशातलं कापड मीच ओढून काढलं. “माफी नंतर मागते. आधी चल.”

टॅक्सी केली. चौकात सिग्नलला अडकलो तर छोटूचा फोन वाजला.

“थांबलात का रे?” यांचा आवाज. नकाशा अजून चालूच होता.

“सिग्नल आहे दादा.”

“बरं बरं. सावकाश या.”

फोन ठेवून छोटू खिडकीबाहेर बघत राहिला. “मला तिथे बसवत नाही वहिनी, त्याच्याजवळ,” तो म्हणाला. “तू जे करतेस ते मला नाही जमत. मला सायकलच जमते. तीही धड नाही.”  माझं सगळं बोलून झालं होतं. मी त्याचा हात धरला, तो सायकलच्या मुठींनी सोलवटलेला होता.

मैदान रिकामं झालं होतं. दोरी उतरवून तिचं वेटोळं घातलं होतं. पिवळी-पांढरी कापडं एकाच खोक्यात कोंबली होती. त्या उंच बाई खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. मला बघून त्या जरा सावध झाल्या, आणि का होऊ नयेत?

“राहिलं होतं आमचं,” मी कापड पुढे केलं.

“अरेरे. पण काही हरकत नाही, मी जपून ठेवते. पुढच्या वर्षी सगळ्यात आधी तुमचंच लावू.”

त्यांनी चांगुलपणानंच म्हटलं. मला मात्र तिथेच रडू फुटलं. नाक पुसत, जमेल तसं मी त्यांना सांगितलं, घाटाचं, ठिपक्याचं, फोनचं, पुढच्या वर्षी पिवळं चालणार नाही ते. माझी चूक कुठेही न झाकता सांगितलं. त्यांनी खोकं बाजूला सारलं. दोरीचं वेटोळं उचललं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि मागे मागे चालत गेल्या, दोरी ताणली जाईपर्यंत. छोटूनं मधोमध कापड लावलं. पिना मी मुठीतून आणल्याच होत्या. मग त्यानंच फोटो काढला आणि पाठवला.

त्या लांबलचक दोरीवर ते एकटंच होतं. आजूबाजूला ना पिवळं, ना पांढरं. यांना हवा होता तो फोटो हा नव्हता, आणि तो आता कधीच मिळणार नव्हता.

फोन वाजला. छोटूनं स्पीकर लावला.

“बघितला,” हे म्हणाले.  “एकटाच दिसतोय मी. पहिला आलो की काय रे?”

छोटू हसला. भोंगेवाल्या बाई हसल्या. मी दोरीचं टोक धरून उभी होते आणि मला कळत होतं की हे पलीकडे, खिडकीजवळ, कान खाजवतायत.